काळकर्ते परांजपे: ‘काळ’ आणि त्यानंतर

अध्यक्षमहाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि महाडकर मंडळी,

स्वतंत्र बाण्याच्या एखाद्या राजकीय लेखकावर बोला, एवढेच मला सांगितले होते. नाव निवडायचे माझ्याकडे होते. मी शिवराम महादेव परांजपे निवडले. ते याच गावचे. २७ जून १८६४ ला महाडात त्यांचा जन्म झाला. पण केवळ गावचे म्हणून मी त्यांना निवडलेले नाही. माझ्या मनात बरेच दिवस एक प्रश्न आहे आणि त्याचा विचार करायला मला परांजप्यांचा उपयोग होतो. राजकारणावर लिहिणारा माणूस स्वतंत्र आहे हे ओळखायचे कशावरून? सरकारवर टीका करतो, एवढ्यावरून? टीका तर विरोधकांच्या पदरी असलेला भाटही करतो. माझ्या मते लेखकाची खरी परीक्षा त्याच्या स्वतःच्या माणसांसमोर होते. ज्यांच्यात तो वाढला, ज्यांनी त्याचे अंक विकत घेतले, ज्यांनी त्याच्या सभा गाजवल्या, त्यांना न रुचणारी गोष्ट एक दिवस त्याला खरी वाटू लागते. तेव्हा तो काय करतो? परांजप्यांच्या आयुष्यात ती वेळ आली, आणि ‘काळ’ बंद पडल्यावर दहा-बारा वर्षांनी आली. आपण त्यांना ‘काळकर्ते’ म्हणतो आणि १९१० ला येऊन थांबतो. मला आज तिथून पुढेही जायचे आहे.

आधी थोडे गावाविषयी. १८६४ चे महाड हे खाडीवरचे बंदर होते. वरंध घाटातून भोरकडे वाट होती, पण मुंबईचा माल आणि मुंबईची माणसे पाण्यानेच यायची. बाणकोटला सावित्रीच्या मुखातून आत शिरायचे आणि भरती साधून दासगाव, महाडपर्यंत वर यायचे. उत्तरेला रायगड. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावरचे वाडे जळाले, त्याला परांजप्यांच्या जन्मावेळी पन्नास वर्षेही झाली नव्हती. त्या आगीचा धूर डोळ्यांनी पाहिलेली म्हातारी माणसे त्यांच्या लहानपणी या पंचक्रोशीत हयात असणे अगदी शक्य आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण उतारवयात याच माणसाने १८०२ पासून १८१८ पर्यंतच्या मराठ्यांच्या लढायांचा इतिहास लिहिला. राज्य गेले कसे, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकातला नव्हता, तो डोंगरापलीकडे उभा होता.

शिक्षण महाड, रत्नागिरी आणि पुढे पुणे. कोकणातल्या पांढरपेशा घरांतल्या हुशार मुलांची ही ठरलेली वाट होती. घाट चढायचा, माधुकरी मागून किंवा शिष्यवृत्तीवर शिकायचे आणि नोकरी धरायची. रत्नागिरीत जन्मलेले टिळक त्याच वाटेने गेले. पुण्यात १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले होते. तिथे विष्णुशास्त्री चिपळूणकरांसारखे शिक्षक परांजप्यांना मिळाले आणि त्यांच्या निबंधांचे वळण या मुलाच्या लेखणीला कायमचे लागले. पुढे संस्कृतातली एम. ए. पदवी, नंतर पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात प्राध्यापकी. बाणभट्ट, भवभूती, अलंकारशास्त्र हे त्यांचे घर होते. सुखाने आयुष्य काढता येईल अशी सगळी तयारी झालेली होती.

आता १८९७ साल डोळ्यांपुढे आणा. आदल्या वर्षी मुंबईत प्लेग शिरला. माणसे घाबरून गावाकडे पळाली, त्यात कोकणातले गिरणीकामगार किती असतील ते तुम्हाला सांगायला नको. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड आला, सोजिरांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, लोक संतापले, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. मग सरकारने हात उगारला. पुण्याच्या सरदार नातू बंधूंना खटला न भरता अडकवले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि सप्टेंबरात अठरा महिन्यांची शिक्षा झाली. खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी कायद्याचा जो अर्थ लावला तो असा की, लेखामुळे बंड झाले किंवा गडबड उसळली हे सरकारने सिद्ध करण्याची गरजच नाही. मनात सरकारविषयी वाईट भावना उत्पन्न करण्याचा प्रयत्न झाला, एवढे पुरे. १८९८ मध्ये राजद्रोहाचे १२४-अ कलम आणखी घट्ट केले आणि समाजासमाजांत वैर पेटवण्याविषयीचे १५३-अ नवे घातले. पुण्यातल्या पत्रांनी साहजिकच आवाज खाली आणला. त्यांना भित्रे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. छापखाना, खिळे जुळवणारे, त्यांची बायकापोरे हे सगळे त्या एका कलमाखाली होते.

अशा वेळी, २५ मार्च १८९८ ला, परांजप्यांनी ‘काळ’ साप्ताहिक काढले. टिळक तुरुंगात होते. रँडच्या खुनाबद्दल दामोदर चापेकरांना फाशी व्हायला चार आठवडेही उरले नव्हते. ती १८ एप्रिलला झाली. पत्र काढायला याहून वाईट मुहूर्त कोणत्याही शहाण्या माणसाने निवडला नसता. पहिला अंक हातात घेताना त्या दिवसांतल्या वाचकाला काय वाटले असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. त्या अंकाच्या मागे ना संस्था होती ना पक्ष, होता फक्त तेहतीस वर्षांचा एक संस्कृतचा पंडित.

‘केसरी’ आणि ‘काळ’ ही दोन पत्रे एका दमात उच्चारण्याची आपल्याला सवय आहे, पण त्यांची जात वेगळी. ‘केसरी’ वकिलासारखा मुद्दे मांडायचा, ‘काळ’ कीर्तनकारासारखा आख्यान लावायचा. टिळकांना सरकारकडून काहीतरी मिळवायचे असे: दुष्काळात सारा सूट, कायद्यात दुरुस्ती, कौन्सिलात जागा. त्यामुळे सरकारशी त्यांचा वाद हा हिशेबाचा वाद राहिला. परांजप्यांना सरकारकडून काहीच नको होते. ते राज्यच नको, एवढे त्यांचे म्हणणे होते, आणि ते सरळ लिहिले तर पत्र दुसऱ्या आठवड्याला बंद. मग हे सांगायचे कसे?

इथे त्यांच्या कामी त्यांचे संस्कृत आले. आपल्या अलंकारशास्त्रात व्याजस्तुती आहे: वरून स्तुती आणि आतून निंदा. बाणभट्टावर पोसलेल्या या माणसाने तो अलंकार साप्ताहिकात आणला आणि त्याला दारूगोळ्याचे काम दिले. इंग्रजी राज्याच्या शांततेची, न्यायाची, सुधारणांची इतकी तपशीलवार वाखाणणी करायची की वाचता वाचता वाचकाच्या कानशिलांना रग लागावी. पुराणातली एखादी कथा घ्यायची, इटली किंवा अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला प्रसंग घ्यायचा, झाडाची नाही तर पाखराची गोष्ट घ्यायची, ती शेवटपर्यंत त्याच पातळीवर सांगायची आणि आपल्या देशाचे नावही काढायचे नाही. उरलेले वाचकाने करायचे. वाचक ते करायचा. शाळेतली पोरे अंक वाचून दाखवायची, अडाणी माणसाला अर्थ लागायचा.

सरकारही वाचत होते. मुंबई इलाख्यातल्या देशी पत्रांत काय काय आले याचा गोषवारा दर आठवड्याला सरकारसाठी तयार व्हायचा आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर जायचा. ‘काळ’ त्यात असायचा. पण पुराणातल्या कथेवर खटला भरायचा म्हणजे त्या कथेतला दुष्ट राजा आपणच, हे सरकारला कोर्टात उभे राहून सांगावे लागणार! हा पेच परांजप्यांनी दहा वर्षे सरकारच्या गळ्यात अडकवून ठेवला. मला या गोष्टीचे फार अप्रूप आहे. बंदी असताना लिहायचे कसे, याचा मराठीतला हा सगळ्यात मोठा पाठ आहे, आणि आपल्या पत्रकारितेच्या वर्गांत तो शिकवला जायला हवा. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी हा त्यांच्या ‘दर्पण’चा दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. तो पाळायलाच हवा. पण २५ मार्चही कोकणातल्या पत्रकारांनी पाळावा, असे मला मनापासून वाटते.

‘काळा’चा विचार एका वाक्यात सांगता येतो: पारतंत्र्यात सुधारलेले राज्य ही गोष्टच खोटी आहे. काँग्रेसने संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव केला तो लाहोरला, डिसेंबर १९२९ मध्ये. परांजपे ते तीस वर्षे आधीपासून लिहीत होते, आणि लाहोरच्या तीन महिने आधी त्यांचे निधन झाले.

तरुणांवर त्याचा काय परिणाम झाला हे सावरकरांच्या उदाहरणावरून दिसते. ते ‘काळ’ वाचत वाढले आणि परांजप्यांना त्यांनी गुरुस्थानी मानले. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, तिथे टिळकांबरोबर परांजपे होते. त्या प्रकरणी सावरकरांना वसतिगृहातून काढले ते फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी. तेही कोकणातलेच, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. एक परांजपे होळीपाशी भाषण करतो आणि दुसरा परांजपे दंड करतो. दोघेही आपापल्या मताशी प्रामाणिक होते. रँग्लरांना कोणी सरकारचा हस्तक म्हटले तर मी ते मान्य करणार नाही. पुढच्या वर्षी सावरकर श्यामजी कृष्णवर्मांच्या शिष्यवृत्तीवर विलायतेला गेले, त्यांच्या अर्जामागे शिफारस होती टिळकांची आणि शिवरामपंतांची.

मग १९०८. ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला. ८ जूनला सरकारने एकाच दिवशी दोन कायदे केले, एक स्फोटक द्रव्यांचा आणि दुसरा वृत्तपत्रांचा. बॉम्ब आणि छापखाना सरकारच्या लेखी एकाच रांगेत आले. बॉम्बविषयी ‘काळा’त आलेल्या लिखाणावरून परांजप्यांना पकडले. खटला मुंबईत होता, त्यासाठी टिळक मुंबईला आले, सरदारगृहात उतरले आणि २४ जूनला तिथेच त्यांनाही पकडले. म्हणजे टिळकांची मंडाले ज्या अटकेने सुरू झाली ती परांजप्यांच्या खटल्यासाठी आलेल्या टिळकांची अटक होती. हा धागा शाळेच्या पुस्तकात तुटून जातो. परांजप्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. १९१० च्या प्रेस ॲक्टखाली मोठा जामीन मागितला गेला आणि ‘काळ’ बंद झाला. ‘काळा’तल्या निवडक निबंधांचे दहा खंड निघाले होते, ते सरकारने जप्त केले. ज्याच्या एका एका लेखासाठी माणसे आठवडाभर वाट पाहत, त्याचे लिखाण घरात सापडणे हाच गुन्हा झाला. परांजप्यांच्या हयातीत ती बंदी उठली नाही.

या लेखनाचा मी इतका आदर करतो, म्हणून त्यातले दोन सल सांगणे मला भाग आहे.

मुझफ्फरपूरच्या बॉम्बने ज्याला मारायचे होते तो न्यायाधीश किंग्जफर्ड वाचला. मेल्या त्या केनेडी आडनावाच्या मायलेकी. त्या काळच्या जहाल पत्रांनी बॉम्बचा दोष सरकारी दडपशाहीवर टाकला, आणि कारण म्हणून तो बरोबरही होता. पण त्या दोन बायकांसाठी त्या लिखाणात जागा नाही. जुलमाचे कारण सांगितले की मेलेल्या माणसाचा हिशेब संपतो, ही कल्पना तेव्हाही घातक होती. खुदीराम बोस अठरा वर्षांचा होता, फासावर गेला. त्याला आपण वंदन करावे आणि त्या मायलेकींचीही आठवण ठेवावी. यात मला विरोध दिसत नाही.

दुसरा सल महाडातच बोलला पाहिजे. ‘काळा’चा सगळा जोर राजकीय स्वातंत्र्यावर. आगरकरांनी ‘सुधारक’ काढून जे प्रश्न घरात आणि चुलीपाशी आणले, ते टिळकांच्या बाजूच्या मंडळींनी मागे ठेवले: आधी स्वराज्य, बाकीचे मागाहून. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी याच गावात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा शिवरामपंत हयात होते. ज्या तळ्याच्या काठच्या गावात ते जन्मले त्या तळ्याचे पाणी गावातल्याच माणसांना बंद होते. पारतंत्र्य म्हणजे काय हे तीस वर्षे शिकवणाऱ्या लेखणीने ते पारतंत्र्य आधी ओळखायला हवे होते, असे मला वाटते. तळे काही परक्यांनी बंद केले नव्हते. ‘काळा’ची थोरवी सांगताना हे झाकले तर आपण त्या माणसाचाही अपमान करतो. जो स्वतः कुणाच्या दबावाने गप्प बसला नाही, त्याच्याविषयी आपण दबून का बोलावे?

आता १९२० नंतरचा भाग. माझ्या मते हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा भाग आहे आणि त्यावर आपल्याकडे फार थोडे बोलले जाते.

१ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले. पुण्याच्या टिळकपंथी मंडळींना गांधी पचत नव्हते. खादी, उपवास, अहिंसा, मुसलमानांच्या खिलाफतीला पाठिंबा, यातले काहीच त्यांच्या वळणाचे नव्हते. बहुतेक जण बाजूला राहिले किंवा नाराजीने दोन पावले चालले. आता परांजप्यांचा विचार करा. इटलीच्या क्रांतिकारक मॅझिनीच्या आणि तलवारीच्या गोष्टींवर ज्यांनी एक पिढी पेटवली, जे सावरकरांचे गुरू, जे व्याजस्तुतीचे पंडित, ते गांधींकडे कसे जातील? त्यांच्या मित्रमंडळात, त्यांच्या वाचकांत, त्यांच्या जातीत सगळा ओढा दुसऱ्या बाजूला होता. आणि परांजपे गांधींच्या असहकाराबरोबर गेले. त्याच साली ‘स्वराज्य’ साप्ताहिक काढले आणि त्यातून ती बाजू मांडली.

याला कुणी मतांतर म्हणेल. मला त्यात त्यांचे जुनेच मत दिसते. सरकारकडून काही मागायचे नाही, हे ‘काळा’चे मूळ सूत्र होते. कौन्सिलात जाऊन भांडणारे त्या सूत्रापासून दूर गेले होते. शाळा, कोर्टे, पदव्या, कौन्सिले सोडा, राज्य आपोआप लुळे पडेल, हे सांगणारा माणूस त्यांना पहिल्यांदा भेटला होता. साधन त्यांना अपेक्षित होते त्याच्या अगदी उलटे निघाले, पण प्रयोजन तेच होते. तेव्हा त्यांनी प्रयोजन धरले आणि मित्रांचा रोष पत्करला. छप्पन वर्षांच्या, नाव झालेल्या, तुरुंग भोगून आलेल्या माणसाला हे किती जड जाते याची कल्पना करून पाहा. त्या वयात माणूस जुनी कीर्ती खाऊन राहतो.

आणि मग मुळशी.

मुळशी पेटा सह्याद्रीच्या वरच्या अंगाला, आपल्या माणगाव तालुक्याच्या डोक्यावर. आंबेमोहर भाताची खाचरे, मावळ्यांची गावे. तिथे निळा आणि मुळा नद्यांवर धरण बांधून वीज करायची योजना टाटांनी हाती घेतली. वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी आणि रेल्वेसाठी. सरकारने १८९४ चा भूसंपादनाचा कायदा लावला. सुमारे पन्नास गावांवर पाणी यायचे होते. शेतकऱ्यांना आधी सांगितलेसुद्धा नव्हते. कामाला आलेल्या माणसांनी शेतात खणायला सुरुवात केली तेव्हा त्यांना कळले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीला मावळे बायकामुलांसह धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. पुढे सेनापती बापट या लढ्याचे प्राण झाले. घोषणा होती: जान किंवा जमीन.

हा लढा पुण्याच्या पुढाऱ्यांना फार अवघड गेला, आणि का गेला ते नीट पाहायला हवे. एक तर मुळशीतल्या कितीतरी जमिनींवर पुण्याच्या सावकारांचे हक्क होते. त्यांना मोबदला चांगला मिळाला तर धरण हवेच होते. कसणारा वेगळा आणि पैसे घेणारा वेगळा. दुसरे कारण अधिक खोल होते. कंपनी देशी होती. स्वदेशीच्या नावाने विलायती कापड जाळणाऱ्यांनी आता देशी माणसाने देशी भांडवलावर उभारलेल्या कामाला विरोध करायचा? देशाची प्रगती अडवायची? हा प्रश्न खोटा नव्हता. विजेने गिरण्यांचा कोळसा वाचणार होता, धूर कमी होणार होता. शहाणी, प्रामाणिक माणसेही या प्रश्नापाशी अडखळली.

परांजपे १९०५ च्या होळीपाशी उभे राहिलेले. या प्रश्नाचा सगळ्यात मोठा अडसर त्यांच्याच भूतकाळाने घातला होता. तरी ते मुळशीला गेले, मावळ्यांच्या बाजूने उभे राहिले, सत्याग्रह केला आणि १९२२ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा घेतली. पहिला तुरुंगवास त्यांना इंग्रजी राज्यावर लिहिल्याबद्दल झाला होता. या वेळी तक्रार होती देशी कंपनीची, पुण्याच्या सावकारांचा स्वार्थ दुसऱ्या बाजूला होता, आणि ज्यांच्यासाठी तुरुंगात जायचे ते मावळे काही ‘काळ’ वाचणारे नव्हते. लोक सभेला यावेत, हारतुरे पडावेत असा हा तुरुंगवास नव्हता.

मघाशी मी म्हणालो की आपल्याच माणसांनी लादलेले पारतंत्र्य त्यांना तळ्याच्या काठी दिसले नाही. मुळशीत त्यांना तसेच एक पारतंत्र्य दिसले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. जमीन कसणाऱ्याला न विचारता घ्यायची. मग घेणारा कोण, गोरा की आपला, हा प्रश्न तिथे दुय्यम होतो. हे त्यांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तुरुंगात जाऊन मान्य केले.

लढा हरला. १९२४ पर्यंत तो संपला, धरण झाले. आणि त्याचे पाणी कुठे आले? आपल्याकडे आले. मुळशीचे पाणी पूर्वेला भीमेकडे जायचे, ते डोंगरातून फिरवून खाली भिऱ्याला सोडले. भिऱ्याचे वीजघर १९२७ मध्ये सुरू झाले. ते पाणी पुढे कुंडलिकेतून कोलाड, रोह्याकडे जाते. कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, डोलवहालच्या बंधाऱ्यावरून शेती होते, पर्यटक रबरी होड्यांतून फिरतात, ते याच पाण्यावर. रोह्याकडची काही मंडळी इथे बसली आहेत. तुमच्या उन्हाळी भाताला घाटावरच्या बुडालेल्या खाचरांचे पाणी आहे. मी तुम्हाला अपराधी वाटावे म्हणून हे सांगत नाही. पाणी आले, ते वापरलेच पाहिजे. पण त्या पाण्याच्या वरच्या टोकाला कोण होते, हे खालच्या टोकाला माहीत असावे.

दाभोळ, जैतापूर, नाणार, बारसू ही नावे आपल्या किनाऱ्यावर घेतली की सभा दोन भागांत फुटते. मी इथे कुठल्या प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायला आलेलो नाही. मला फक्त लिहिणाऱ्यांविषयी बोलायचे आहे. या वादांत आपण काय पाहिले? पक्ष बदलला की भूमिका बदलली. मालकाची जाहिरात आली की बातमीचा मथळा बदलला. विरोध करणाऱ्या गावकऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकून, मग रोजगार मागणाऱ्या पोराचेही पूर्ण ऐकून, आणि मग आपल्या नावाने, आपल्या जबाबदारीवर लिहिलेला लेख किती वेळा वाचायला मिळाला? असे लिहिणारी माणसे तालुक्याच्या गावांत आहेत, मी त्यांना ओळखतो. त्यांच्या वाट्याला शाबासकी कमी आणि धमक्या जास्त येतात. शिवरामपंतांची जयंती साजरी करायची असेल तर त्या माणसांच्या अंकाची वर्गणी भरा, त्यांच्यावर खटला झाला तर कोर्टात जाऊन बसा. टिळक परांजप्यांच्या खटल्याला मुंबईस आलेच होते ना?

शेवटच्या वर्षांविषयी थोडक्यात सांगतो. १९२८ मध्ये मराठ्यांच्या लढायांचा इतिहास छापून आला. १९२९ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला ते पुण्यात वारले. नाटके, कादंबऱ्या, गोष्टी असे बरेच लिखाण मागे राहिले. ‘मॅकबेथ’वरून त्यांनी ‘मानाजीराव’ हे नाटक केले होते. त्यांतल्या काहींची भाषा आजच्या वाचकाला जड जाईल. निबंध मात्र जात नाहीत. ज्याला सुरुवात करायची आहे त्याने निबंधांपासून करावी, एका वेळी एक, आणि शक्य तर मोठ्याने वाचावा. ते कानासाठी लिहिलेले आहेत.

आता एक विनंती करतो. जप्तीच्या काळात ‘काळा’चे अंक आणि खंड लोकांनी घरोघरी लपवले. आपल्याकडे पोटमाळ्यावर, पेटाऱ्यात, देवघराच्या मागच्या फळीवर असे कागद अजून निघतात, आणि कोकणच्या हवेत दर पावसाळ्याला त्यातले काही कसरीच्या आणि वाळवीच्या तोंडी जातात. मुळशीच्या लढ्यातली पत्रके, पावत्या, मोबदल्याच्या नोटिसाही भिरा, पाटणूस भागात कुणाकडे असू शकतील. असे काही सापडले तर उन्हात घालू नका, चिकटपट्टी लावू नका, पाने ओली असतील तर ओढून सुटी करू नका. कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून वाचनालयात आणा. इथले ग्रंथपाल त्याची छायाचित्रे काढतील, नोंद करतील आणि मूळ कागद तुमचा तुम्हाला परत देतील. फाटलेले अर्धे पान असले तरी आणा. तारीख असलेला कोपरा शाबूत असेल तर त्यावरून अंक लावता येतो.